गाडी डावीकडे जाते: २४ ऑगस्ट ते २२ सप्टेंबर २०२४ च्या नोंदी

गाडी २०१३ ची, पेट्रोल, छोटी हॅचबॅक. १४५/८० आर १२ चे टायर, साधं स्टेअरिंग, पुढे डिस्क, मागे ड्रम. आतापर्यंत ९१ हजार किलोमीटर चाललेली. आमचं गाव आर्णी तालुक्यात. डांबरी रस्त्यावरून शेतात जायला दीड किलोमीटर पांदण आहे आणि पावसाळ्यात ती कशी असते ते काळ्या मातीतल्या माणसाला सांगायला नको. मी मेकॅनिक नाही. शेती करतो, ट्रॅक्टरचं बारीकसारीक काम घरीच करतो, तेवढाच हात चालतो. या दुरुस्तीत माझे तीन हजारांच्या वर रुपये आणि जवळपास दोन आठवडे वाया गेले. दुसऱ्या कुणाचे जाऊ नयेत म्हणून वहीतल्या नोंदी जशाच्या तशा उतरवतो आहे.

२४ ऑगस्ट, शनिवार

आईला डोळे दाखवायला यवतमाळला नेलं. परत येताना नागपूर-तुळजापूर महामार्गावर जाणवलं की आपण सारखं स्टेअरिंग उजवीकडे धरून ठेवतो आहोत. पकड जराशी सैल केली की गाडी डाव्या पांढऱ्या पट्टीकडे निघते. घरी पोचेपर्यंत उजवा दंड भरून आला. आई म्हणाली, "मागच्या खेपेलाही तू असाच वाकडा बसून चालवत होतास." म्हणजे हे आजचं नाही, मला आज कळलं.

आठ-दहा दिवसांपूर्वी रात्री एका खड्ड्यात डावं पुढचं चाक जोरात आदळलं होतं. मनात लगेच जोडून टाकलं: खड्डा, म्हणून अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन बिघडले. माझी पहिली चूक हीच. कारण आधी ठरवलं आणि तपास नंतर सुरू केला.

२५ ऑगस्ट, रविवार

सकाळी गाडी हलवायच्या आधी हवा मोजली. पंपावर मोजायची तर तिथवर आठ किलोमीटर चालवत न्यावी लागते. टायर तापला की हवेचा आकडा (पीएसआय) दोन-चारने वर जातो, म्हणून थंड टायरवरच मोजावी. आर्णीतून साधं काट्याचं गेज घेतलं होतं, २८० रुपये. पुढचा उजवा ३०, मागचे दोन्ही २९, पुढचा डावा २३.

चाक काढून घमेल्यातल्या पाण्यात फिरवलं. नक्षीच्या खाचेत बाभळीचा काटा, आतच मोडलेला, टोक काळं पडलेलं. बाहेरून बोट फिरवलं तरी लागत नव्हता. त्याच्या मुळाशी मोहरीएवढा एकच बुडबुडा यायचा, थांबायचा, पुन्हा यायचा. पंक्चर काढलं, १०० रुपये. चारही चाकांत ३० भरली.

ओढ कमी झाली, गेली नाही. इथेच समाधान मानलं असतं तर चाललं असतं असं वाटण्याइतकी कमी झाली, हे मुद्दाम लिहून ठेवतो. एक दोष सापडला की दुसरा नसेलच असं वाटायला लागतं.

२७ ऑगस्ट, मंगळवार

यवतमाळला अलाइनमेंट. ५०० रुपये, जाण्यायेण्यात अख्खा दिवस. सोयाबीनवर फवारणी करायची होती, ती राहिली. दुकानातल्या मुलाने मशीनवर टो (वरून पाहिलं तर चाकांची तोंडं आत-बाहेर किती वळलेली) जुळवला, स्टेअरिंग सरळ करून दिलं, कागद हातात दिला. परतीच्या वाटेवर गाडी तशीच डावीकडे.

कागद मी डॅशबोर्डमध्ये टाकून दिला. तो चार दिवसांनी वाचला आणि तेव्हा कळलं की उत्तराचा अर्धा भाग त्यातच होता. डाव्या-उजव्या चाकातला फरक कॅम्बरमध्ये (चाकाचा आत-बाहेर कल) पाव अंशाच्या आत, कॅस्टरमध्ये (चाक ज्या आसावर वळतं त्याचा पुढे-मागे कल) त्याहूनही कमी. अलाइनमेंटमुळे गाडी एका बाजूला ओढायची तर यांपैकी एकात तरी डाव्या-उजव्याचा चांगला फरक लागतो. टो बिघडला तर स्टेअरिंग वाकडं राहतं, टायर कडेने घासतात, पण पुढची दोन्ही चाकं स्टेअरिंगला जोडलेली असल्यामुळे चालताना ती फरक आपसात वाटून घेतात. म्हणजे या कागदाप्रमाणे माझ्या गाडीची ओढ अलाइनमेंटची नव्हतीच. अलाइनमेंट केली तर कागद मागून घ्या आणि तिथेच उभं राहून दोन्ही बाजूंचे आकडे शेजारीशेजारी वाचा.

२९ आणि ३० ऑगस्ट

तालुक्याच्या एका गॅरेजात दाखवलं. मिस्त्रीने गाडी जॅकवर घेतली, डावं चाक दोन्ही हातांनी हलवलं आणि म्हणाला, "भाऊ, लोअर आर्मचा बुश गेला. खड्ड्याचं काम हाय हे." लोअर आर्म म्हणजे चाकाला खालून धरणारा दांडा, बुश म्हणजे त्याच्या सांध्यातलं रबर. खड्डा माझ्या डोक्यात होताच, त्यामुळे लगेच पटलं. लोअर आर्म १,६५०, मजुरी ४००. आर्म बदलला की टो हलतो, म्हणून दुसऱ्या दिवशी परत यवतमाळ, परत ५००.

ओढ जशीच्या तशी.

जुना आर्म मी मागून घेतला होता. घरी ओट्यावर ठेवून बुशात टॉमी (लोखंडी दांडा) घालून वाकवून पाहिला. रबर अखंड, चीर नाही, बॉल जॉइंट घट्ट. चांगला भाग काढून फेकला गेला. मिस्त्रीला दोष देऊन उपयोग नाही, चाक हातात धरून खेळ किती आहे हे मीच बघायला हवं होतं. काढलेला भाग नेहमी घरी आणा. तो पाहिल्यामुळेच मी अंदाजाने पैसे घालणं थांबवलं.

३१ ऑगस्ट, शनिवार

आता ठरवलं: मोजल्याशिवाय पाना लावायचा नाही, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

मोजायचं कुठे हा खरा प्रश्न. रस्ता पाणी वाहून जावं म्हणून कडेला उतरता केलेला असतो आणि आपण डाव्या बाजूने चालवतो, त्यामुळे चांगली गाडीही रस्त्यावर थोडी डावीकडे सरकते. चौपदरी महामार्गावर उलट दिशेने जाऊन पाहिलं तरी फायदा नाही, तिथेही उतार बहुतेक डावीकडेच. गावच्या रस्त्याला समतल तुकडा शोधत बसलो तर काळ्या मातीवरचा रस्ता दर दहा फुटांवर उठलेला नाहीतर बसलेला.

मग जिनिंगचं आवार आठवलं. कापसाच्या गंज्या लावायला सिमेंटचा मोठा सपाट ओटा असतो आणि दिवाळीच्या आसपास कापूस येईपर्यंत तो रिकामा. दिवाणजींना जाऊन विचारलं. त्यांनी सकाळी सात ते आठ वेळ दिला, गेट बंद ठेवून. भाच्याला सोबत नेलं. कबड्डीच्या मैदानाला मारतात तशी फक्कीची सरळ रेघ मारली, ६० फूट धाव घ्यायला आणि पुढे २०० फूट मोजायला. ताशी ३० चा वेग, रेघेवर सरळ आलो की बोटं स्टेअरिंगपासून इंचभर दूर, पण सोडायची नाहीत. शेवटच्या खुणेपाशी डावं चाक रेघेपासून किती सरकलं ते भाचा टेपने मोजणार. प्रत्येक दिशेने तीन वेळा.

जाताना ४ फूट १० इंच डावीकडे. उलट दिशेने ४ फूट २ इंच, तेही डावीकडेच. ओट्याला किंचित उतार आहे, दोन्हींची सरासरी साडेचार फूट. पहिल्यांदा हातात आकडा आला.

भाच्याने एक गोष्ट लक्षात आणून दिली. "मामा, न्यूट्रलमध्ये सोडली का आपली गाडी लवकर थांबते, आमची लांबवर जाते." मी तेव्हा "जुनी गाडी आहे" म्हणून सोडून दिलं. महिनाभरापासून लिटरला १९ वरून १६ किलोमीटरवर आली होती, तेही मी पावसाळी रस्त्यांच्या नावावर घातलं होतं. दोन्ही खुणा समोर होत्या.

२ सप्टेंबर, सोमवार, पोळा

दोन दिवस पाऊस. काम बंद. सकाळी बैल धुऊन खांदशेकणीची हळद-तूप उतरवली, झूल चढवली, तोरणाखाली नेऊन आणले. संध्याकाळी शेजारचे आबाजी ओसरीवर बसले होते. गाडीचं काय झालं म्हणून विचारलं. मी म्हटलं, आबाजी, डावीकडे ओढते, कारणच सापडत नाही.

ते म्हणाले, "थे ओढत नसन गा. अडत असन. डावा बैल अडला का बंडी डाव्याच आंगाले जाते. उजव्या बैलाले कितीक बी पाह्य, सापडन काय?"

मी आठ दिवस "कोण ओढतं" हेच शोधत होतो. कोणतं चाक अडतं हे एकदाही पाहिलं नव्हतं. त्या रात्री वहीत मोठ्या अक्षरात लिहिलं: ब्रेक.

४ सप्टेंबर, बुधवार

ब्रेक उघडण्याआधी टायरचा संशय मोकळा करायचा होता, कारण त्याला खर्च नाही. पुढची दोन चाकं आपसात बदलली. टायरच्या बाजूवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर हे करू नये, माझ्या टायरवर नाही. टायर आतल्या बांधणीने जरासा निमुळता असेल तर एका बाजूला ओढतो आणि चाक बदललं की ओढही बाजू बदलते.

जिनिंगच्या ओट्यावर: ३ फूट, डावीकडेच. साडेचारवरून तीन. म्हणजे टायरचा वाटा आहे, पण मोठा वाटा दुसऱ्याचा. आकडा नसता तर "फरक पडला नाही" असंच म्हटलं असतं.

चाकाचे नट समोरासमोरच्या जोडीने आवळले. पन्नास किलोमीटरने पुन्हा पाहिले, एक पाव फेरा घेतला.

५ सप्टेंबर, गुरुवार

तापाची तपासणी. बारा किलोमीटर चालवली, होता होईतो ब्रेक न लावता, शेवटी गिअर उतरवत आणि हँडब्रेकने थांबलो. हँडब्रेक मागच्या चाकांना लागतो, पुढच्यांना नाही, म्हणून पुढचं तापमान खरं कळतं. रिंगजवळ हात नेला. उजवीकडे कोमट. डावीकडे एक वीत अंतरावरूनच झळ लागली, करपट वास. डिस्कला बोट लावू नका. बाटलीच्या झाकणातून रिंगच्या मधोमध, नटांपाशी पाण्याचे दोन थेंब सोडले. उजव्या बाजूला थेंब ओघळून खाली गेले. डाव्या बाजूला तव्यावर पडल्यासारखे चुरचुरले.

घरी, मागच्या चाकांना दगड लावून, न्यूट्रलमध्ये एकेक पुढचं चाक जॅकवर घेतलं. जॅकच्या भरवशावर राहू नये, मी स्टेपनी पट्टीखाली सरकवून ठेवली होती. उजवं चाक हाताने झटका दिला की सव्वा फेरा फिरलं. डावं अर्ध्या वितीत थांबलं आणि आतून खरखर.

मग एक छोटी तपासणी, जी मला फार महत्त्वाची वाटते. कॅलिपर म्हणजे पिस्टनच्या जोराने पॅड डिस्कवर दाबणारी ब्रेकची पकड. तिच्यावर हवा काढायची निपल असते. चाक अडलेलं असतानाच ती किंचित सैल केली. थेंबभर ब्रेक ऑइल आलं, चाक अडलेलंच. निपल उघडताच चाक सुटलं असतं तर दाब मागे अडकला असा अर्थ, म्हणजे बहुधा रबरी होज (ब्रेक ऑइलची नळी) आतून फुगलेला किंवा पेडलकडचा मास्टर सिलिंडर बिघडलेला. नाही सुटलं, म्हणजे अडचण कॅलिपरमध्येच. या पाच मिनिटांनी होज विकत घ्यायचे पैसे वाचवले. नंतर निपल लगेच आवळली.

८ सप्टेंबर, रविवार

काल गणपती बसले, आज दुपारी मोकळा झालो. डावा कॅलिपर उघडला.

कॅलिपर दोन पिनांवर पुढेमागे सरकतो. खालची पिन हाताने निघाली. वरची हलेना. पिनेला घट्ट पकडून पाव पाव फेरा फिरवत अर्ध्या तासाने बाहेर काढली. तिचा रबरी बूट (माती-पाणी अडवणारं आवरण) खालच्या घडीवर नखाएवढा फाटलेला. आत काळी माती, पाण्याने आत शिरलेली आणि ब्रेकच्या उष्णतेने भाजून खापरासारखी झालेली. पिनेच्या मधल्या भागात गंजाचे खड्डे, बोटाला खरखरीत लागणारे. पिनेच्या भोकात काडी घालून खरवडली तेव्हा चमचाभर माती निघाली, पांदणीची माती, ओलावल्यावर तोच वास. आतला पॅड ३ मिलिमीटर उरलेला, बाहेरचा ७. पिन अडकली की पिस्टनकडचा आतला पॅड एकटाच झिजतो, ही त्याची खूण.

खड्ड्याचा याच्याशी काही संबंध नव्हता.

आता चुका. पहिली, कॅलिपर काढून होजवर लटकत सोडला. भाच्याने हटकलं, मग बांधकामाच्या तारेने स्प्रिंगला बांधला. दुसरी, पिस्टन मागे दाबताना वर टाकीत पाहिलं नाही, ब्रेक ऑइल उतू जाऊन मडगार्डवर आलं. ते रंग खातं, लगेच भरपूर पाण्याने धुतलं म्हणून डाग पडला नाही. तिसरी सर्वांत महागात पडली. पिन डिझेलच्या फडक्याने पुसली, पॉलिश पेपर मारला आणि घरात होतं ते ट्रॅक्टरचं ग्रीस भरलं. फाटका बूट तसाच ठेवला, वरून टेप गुंडाळला.

बसवल्यावर गाडी हलवायच्या आधी पेडल आठ-दहा वेळा दाबलं. पहिल्या दाबाला ते पार खाली जातं, कारण पिस्टन मागे गेलेला असतो. हे विसरून गाडी काढली तर समोर भिंत येईपर्यंत ब्रेक लागणार नाही.

९ सप्टेंबर, सोमवार

ओट्यावर: पाऊण फूट, उजवीकडे.

क्षणभर काळजात धस्स झालं. पण वहीत ४ तारखेची नोंद होती, टायर अदलाबदल केलेले आहेत. पुन्हा मूळ जागी लावले: पाऊण फूट, डावीकडे. टायरबरोबर बाजू बदलते, म्हणजे ही ओढ निव्वळ टायरची. ज्या टायरवर काट्याचं पंक्चर होतं तोच. बरेच दिवस कमी हवेवर चालल्याने तो बिघडला असावा असं मला वाटतं. तो मागे टाकला, मागचा पुढे आणला. आता दोन्ही दिशांना एका वितीच्या आत.

१३ सप्टेंबर, शुक्रवार

ओढ परत. ओट्यावर दोन फूट डावीकडे. चाक तापतंय.

कॅलिपर पुन्हा उघडला. चांगल्या बुटाचं रबर फुगून मऊ, चिकट झालेलं, पिनेच्या टोकाला असलेली रबरी कडी फुगून भोकात घट्ट बसलेली. डिझेल आणि साधं ग्रीस दोन्ही पेट्रोलियमचे, ते हे रबर फुगवतात. ब्रेकच्या पिनांना वेगळं सिलिकोनचं ग्रीस लागतं. दुकानदाराने पहिल्याच वेळी विचारलं होतं, "ब्रेकचं ग्रीस देऊ काय?" मी नको म्हटलं होतं, १२० रुपये वाचवायला.

१५ सप्टेंबर, रविवार

यवतमाळहून पिन-बुटाचा किट ३४०, सिलिकोन ग्रीस १२०, पुढचे पॅड ९५०, ब्रेक ऑइल १८०. पॅड दोन्ही बाजूंचे एकदमच बदलतात, एकाच बाजूचे बदलले तर ब्रेक लावताना गाडी वाकडी जाईल.

पिनेचं भोक कोरड्या कापडाने आणि ब्रेक ऑइलच्या हलक्या हाताने साफ केलं. ग्रीसचा पातळ थर, ठासून नाही, ठासलं तर हवा कोंडून पिन बाहेर ढकलली जाते. बुटाची कड पिनेच्या खाचेत सगळीकडून बसली की नाही हे नखाने फिरवून पाहिलं. पिन आता बोटाच्या दाबाने आत जाते आणि सावकाश परत येते. हे पाहायला खूप बरं वाटलं.

उजवी बाजूही उघडली. बूट शाबूत, पण खालची पिन कोरडी. तिलाही ग्रीस. तीन तास, दोन्ही मिळून.

१६ सप्टेंबर, सोमवार

ओट्यावर दोन्ही दिशांना वितीपेक्षा कमी. बारा किलोमीटरनंतर दोन्ही चाकं सारखीच कोमट. दिवाणजींना चहा पाजला, फक्कीची रेघ धुऊन दिली.

एकूण खर्च ५,०२० रुपये. त्यातले लागणारे १,९७०: पंक्चर, गेज, किट, ग्रीस, पॅड, ऑइल. न लागणारे ३,०५०: दोन अलाइनमेंट आणि एक चांगला लोअर आर्म.

२२ सप्टेंबर, रविवार

आईला परत यवतमाळला नेलं. जाताना वाटेत थांबून दोन्ही रिंगांजवळ हात नेला, सारखेच. महामार्गावर गाडी उतारामुळे किंचित डावीकडे सरकते, एका बोटाने सावरते. टाकी भरून मोजलं, लिटरला साडेअठरा. पांदणीतून आलं की पुढच्या चाकांच्या आतून नळीने पाणी मारायचं, माती ओली असतानाच, हे आता रोजचं काम. डाव्या बुटाची तारीख दारामागे कॅलेंडरवर लिहिली आहे, दिवाळीत उघडून पाहणार.